सातवी पोस्ट

१

मुलींच्या स्वच्छतागृहातल्या केराच्या टोपलीत वेणी सापडली, तेव्हा दुसरा तास संपायला दहा मिनिटं बाकी होती.

सफाईच्या मावशींना आधी वाटलं, उडी मारायची दोरी असेल. त्यांनी ती उचलली, हाताला तेल लागलं, आणि किंकाळी बाहेर पडायच्या आत त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. दीड हात लांब, काळीभोर, घट्ट विणलेली वेणी होती ती. दोन्ही टोकांना काळे रबर. बेसिनच्या कट्ट्यावर हस्तकलेच्या वर्गातली मोठी कात्री पडली होती. शेवटच्या संडासाचं दार आतून बंद होतं आणि दाराखालच्या फटीतून दोन पांढरे बूट दिसत होते.

मावशी धावत नववीच्या वर्गापाशी आल्या. भाषेच्या बाई फळ्यावर समास लिहीत होत्या. मावशींचा चेहरा पाहून त्यांनी खडू तसाच ठेवला.

बाईंना शाळेत सव्वीस वर्षं झाली होती आणि या वर्गाच्या त्या वर्गशिक्षिका होत्या. वेणी पाहताच कोणाची ते त्यांनी ओळखलं. एवढी लांब वेणी वर्गात एकाच मुलीची होती, आणि ती मघाशी परवानगी घेऊन बाहेर गेली होती. घरचे तिला बिट्टी म्हणत आणि बाईही तेच म्हणत.

"बिट्टी, दार उघड. मी आहे."

बाईंनी पुन्हा हाक मारली. मग कडी सरकली. मुलगी झाकणावर पाय जुळवून बसली होती. मानेवर केस वेडेवाकडे तुटले होते, एक बाजू कानापर्यंत, दुसरी खांद्याला टेकलेली. डोळे कोरडे. बाईंनी तिला जवळ घेतलं, तशी ती ताठ झाली.

"कोणी केलं, बाळा?"

बिट्टीने बाईंकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात एकच वाक्य बोलली.

"आता एवढं पुरे ना, बाई?"

त्यानंतर दिवसभर तिने तोंड उघडलं नाही.

२

मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक कागद होता. सकाळी तक्रारपेटीतून निघालेला. मोबाइलच्या पडद्याची छापील प्रत. वर गोल चौकटीत आरशाचं चित्र, शेजारी नाव: "वर्गाचा आरसा". खाली दोन ओळी.

उद्या तुझी वेणी. परवा तू.

"सकाळी वाचलं तेव्हा म्हटलं, पोरांचा वाह्यातपणा," मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले. "आणि तासाभरात हे. बाई, चार वाजता पालक समितीची बैठक आहे. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

बाईंनी कागद हातात घेतला. उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत राखाडी रंगाची एक बारीक रेघ होती. त्यांनी नकळत ती बोटाने पुसून पाहिली. पुसली गेली नाही.

"कोण ते उघड आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "तुमचा तो बॉस."

बॉस हे वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचं नाव. दोनदा नापास, इतरांहून हातभर उंच, आणि शाळेत काच फुटली की आधी त्याला बोलावायची पद्धत. तो बिट्टीच्या मागेच बसायचा. तिची वेणी त्याच्या वहीवर पडायची. परवाच सगळ्या वर्गादेखत तो ओरडला होता, "एक दिवस कापून टाकीन ही!" त्यात आज दुसऱ्या तासाला तो पंधरा मिनिटं बाहेर होता. परवानगी बाईंनीच दिली होती. आणि हस्तकलेच्या वहीत कात्रीपुढे सही होती, तीही त्याचीच.

शिपायाने त्याला आत आणलं. तो दारातच उभा राहिला.

"दाखला तयार करायला सांगितलाय," मुख्याध्यापक म्हणाले. "काही बोलायचंय?"

बॉसने आधी बाईंकडे, मग टेबलावरच्या कात्रीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "मीच कापली."

३

"मला दहा मिनिटं द्या," बाई म्हणाल्या. "एकटीला."

मुख्याध्यापक कुरकुरत बाहेर गेले. बाईंनी बॉसला खुर्ची दाखवली. तो बसला नाही.

"मुलींच्या स्वच्छतागृहात गेलास?"

"हो."

"ती ओरडली नाही?"

"तोंड दाबलं."

"बरं. एका हाताने तोंड दाबलंस, दुसऱ्या हातात कात्री. मग वेणीला वरचा रबर कोणत्या हाताने बांधलास?"

"वरचा कुठला? रबर खाली असतो ना, शेपटाला."

बाईंना हवं ते उत्तर मिळालं होतं. टोपलीतली वेणी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. खालच्या टोकाला रबर, ते साहजिकच. पण जिथे कापली होती तिथेही रबर होता, दोन फेरे देऊन आवळलेला. वेणी सुटू नये म्हणून आधी बांधायची आणि मग वरून कापायची. केस नीट ठेवायची सवय असलेली व्यक्तीच असं करते. अंगावर धावून आलेला माणूस असं करत नाही.

"खोटं बोलतोयस," बाई म्हणाल्या. "आणि तुला ते नीट जमतही नाही."

बॉसचा उंच देह एकदम ढिला पडला. तो खुर्चीत बसला.

"तिने कात्री मागितली. मला वाटलं, हस्तकलेला हवी असेल. म्हणाली, माझ्या नावावर नको, तू घे. मी सही करून आणून दिली. कोणाला सांगू नकोस म्हणाली."

"मग मी कापली असं का म्हणालास?"

"तुम्ही तसंही मलाच धरणार होतात." त्याने हे रागाने म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं. "निदान तिला तरी कोणी काही विचारणार नाही."

"परवा तिच्यावर ओरडलास ते?"

"वैतागलो होतो. येणारा-जाणारा माझ्या बाकापाशी वाकतो, तिची वेणी ओढतो आणि 'टण्' म्हणतो. दिवसातून वीस वेळा. बाई, 'टण्' म्हणजे काय, माहितेय ना तुम्हाला?"

बाईंना माहीत नव्हतं. पण 'टण्' त्यांनी ऐकलं होतं. महिनाभर व्हरांड्यात, जिन्यात, त्यांची पाठ वळली की वर्गातसुद्धा. पोरांचं काहीतरी नवीन खूळ असेल म्हणून त्यांनी ते कानाआड केलं होतं.

"त्या आरशावर आहे सगळं," बॉस म्हणाला. "बसमध्ये दुसऱ्यांच्या फोनवर पाहिलंय मी. माझ्याकडे कुठाय फोन?"

"घरी कोणाचा तरी असेल."

"आईचा आहे. बटणांचा."

बाईंनी पुन्हा तो छापील कागद उचलला. म्हणजे ज्याच्यावर सगळं खापर फुटणार होतं, त्याला हे लिहिताच आलं नसतं. मग लिहिलं कोणी?

४

शाळेत फोन आणायला बंदी होती. आणलेच तर सकाळी कार्यालयातल्या पेटीत ठेवायचे. बाईंनी पेटीतून एक फोन काढून घेतला आणि त्याच्या मालकिणीला ग्रंथालयात बोलावलं.

तिला सगळे चिमी म्हणत. पाचवीपासून ती बिट्टीच्या बाकावर बसायची. तीन आठवड्यांपूर्वी पोटदुखीचं निमित्त सांगून ती खिडकीजवळच्या बाकावर गेली होती.

"पोट दुखत नव्हतं," बाईंनी काही विचारायच्या आत चिमी रडायला लागली. "माझाही फोटो टाकतील म्हणून घाबरले, बाई. मी तिला काहीच केलं नाही."

"माहितेय. मला तो आरसा दाखव."

चिमीने फोन उघडला. एकाखाली एक सहा पोस्ट होत्या. पहिल्या फोटोत बिट्टी बाकावर डोकं टेकून झोपलेली, तोंड अर्धवट उघडं. दुसऱ्यात तासाला चोरून डबा खाताना गाल फुगलेले. तिसऱ्यात उसवलेलं दप्तर. चौथ्यात पाठमोरी बिट्टी, वेणीच्या टोकाला घंटेचं चित्र चिकटवलेलं, आणि खाली ओळ: "घंटाबाई आल्या ओढा आणि तास संपवा". पाचव्यात ती डोळे पुसत होती. सहाव्यात फोटो नव्हता, प्रश्न होता: "घंटाबाईने शाळा बदलावी का". अडतीस मतं होकाराची होती.

बाईंनी ती संख्या दोनदा वाचली.

"हे सगळं तिने आणखी कोणाला सांगितलं?"

चिमीने मान खाली घातली. "तुम्हाला. आणि सरांना. दोनदा. दुसऱ्यांदा मी दाराबाहेर उभी होते. सर म्हणाले, ही चेष्टा आहे, कोणी धमकी दिली, हात लावला, तर ये."

बाईंना आठवलं. त्या दिवशी त्याही त्याच खोलीत होत्या, पेपर तपासत, अर्धवट ऐकत.

"सातवी पोस्ट दाखव. वेणी कापण्याची."

चिमी गोंधळली. "सातवी कुठली? सहाच आहेत."

"नाव टाकून शोध."

चिमीने नाव टाकलं. पडद्यावर तेच आरशाचं चित्र, तेच नाव, पण एकाखाली एक दोन वेळा आलं. वरच्या आरशावर सहा पोस्ट होत्या आणि एकेचाळीस फॉलोअर. खालच्यावर एक पोस्ट. फॉलोअर शून्य.

आरसे दोन होते.

५

मधली सुट्टी झाली. बाई डबा न उघडता रिकाम्या वर्गात जाऊन बसल्या. समोर तो कागद होता.

सहा पोस्टमध्ये कुठेही पूर्णविराम नव्हता. पोरं कधी देतात? सातवीत दोन होते. सहाही पोस्ट लोकांना उद्देशून होत्या, बिट्टीबद्दल. बघा, हसा, मत द्या. सातवी थेट बिट्टीशी बोलत होती. ज्याला हसवायचं असतं तो प्रेक्षकांकडे तोंड करतो. सातवीला प्रेक्षकच नव्हते.

मग हा कागद छापला कोणी? बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नावाखाली बारीक अक्षरात वेळ होती: "आत्ताच". म्हणजे पोस्ट टाकल्यावर एका मिनिटाच्या आत कोणीतरी पडद्याचा फोटो घेतला होता. एकही फॉलोअर नसलेल्या खात्यावर, त्याच मिनिटाला, ती पोस्ट कोणाच्या डोळ्यांसमोर असणार? फक्त ती टाकणाऱ्याच्या.

आणि ती राखाडी रेघ. बाई उठल्या, कपाटातून वर्गाचे प्रकल्प काढले, आणि बिट्टीचा प्रकल्प उघडला. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला तीच रेघ होती. बिट्टी आत्याकडे राहायची आणि आत्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. जुनं मशीन, ओरखडा पडलेला.

दार आतून बंद. दोन्ही टोकांना रबर. कात्री स्वतः मागवलेली, पण स्वतःच्या नावावर नको.

बाई पुन्हा बाकावर बसल्या. सकाळचं वाक्य त्यांना आता वेगळंच ऐकू आलं. "आता एवढं पुरे ना, बाई?" त्यांना वाटलं होतं, मुलगी छळाला कंटाळून विनवते आहे. ती विनवत नव्हती, विचारत होती. एवढं भरतं का? एवढ्याने चालेल का?

कार्यालयातून त्यांनी तक्रार नोंदवही मागवून घेतली. पान सापडायला वेळ लागला नाही. मुख्याध्यापकांच्या सहीखाली बाईंची स्वतःची सही होती, वळणदार, ठळक.

आता काय करायचं? सत्य सांगितलं तर बॉस सुटणार होता. पण त्याच क्षणी सगळे म्हणणार होते की पोरीने स्वतःच नाटक रचलं. मग त्या सहा पोस्ट, अडतीस मतं, महिनाभराचं 'टण्', सगळं त्या नाटकाखाली गाडलं जाणार होतं. बिट्टी या गावात पुन्हा मान वर करू शकली नसती.

घड्याळात सव्वाबारा वाजले होते. चार वाजायच्या आत पहिला आरसा कोणाचा हे शोधायला हवं होतं.

६

बाईंनी चिमीचा फोन पुन्हा मागितला आणि हजेरीपट शेजारी ठेवला.

"एकेक फॉलोअर सांग. टोपणनाव असेल तर कोण ते सांग."

वर्गाचा पट चव्वेचाळीस. चिमी सांगत गेली, बाई पेन्सिलने खुणा करत गेल्या. चिमीच्या स्वतःच्या नावापुढे खूण करताना दोघींनी एकमेकींकडे पाहणं टाळलं. शेवटी तीन नावं उरली. एक बिट्टी. दुसरा बॉस, ज्याच्याकडे फोन नव्हता. तिसरी, जिला फॉलो करायची गरजच नसावी.

तरी बाईंचं मन मानेना. त्यांनी फोटो पुन्हा पाहिले. सगळे वर्गात, शाळेच्या वेळात काढलेले. तेव्हा मुलांचे फोन पेटीत असतात. पहिला फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला. झोपलेली बिट्टी, मागे भिंतीवर नकाशा. फोटो समोरून, जरा उंचावरून काढलेला. डाव्या कोपऱ्यात तपकिरी रंगाचं काहीतरी होतं. ते काय हे बाईंना कळलं. ती त्यांच्या चष्म्याची डबी होती. फोटो त्यांच्या स्वतःच्या टेबलामागून काढला होता.

त्या टेबलामागे त्यांच्याशिवाय एकच जण उभं राहायचं. मॉनिटर. बाई कार्यालयात गेल्या की ती तिथे उभी राहायची, हातात शाळेचा हजेरीचा टॅब घेऊन. दंगा करणाऱ्यांचे फोटो काढून ठेव, असं शाळेनेच तिला सांगितलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला टॅब तिच्या हातात देणाऱ्या बाईच होत्या.

मॉनिटर ग्रंथालयात आली ती पाठ ताठ ठेवून. पहिला नंबर, सुंदर अक्षर, कधी उशीर नाही. तिच्याबद्दल बाईंनी आजवर एकही वाकडा शब्द लिहिला नव्हता.

"बस. टॅबमधले फोटो तू घरी कसे नेलेस, एवढंच विचारायचंय."

"कुठले फोटो?"

बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला आणि कोपऱ्यातल्या डबीवर बोट ठेवलं. मॉनिटरने वाकून ती डबी पाहिली.

"मेलवर पाठवले," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज अजूनही वर्गात उत्तर द्यावं तसा स्वच्छ होता. "टॅबमधून तसं जातं."

"बिट्टीने काय वाकडं केलं होतं तुझं?"

"काहीच नाही."

"मग?"

"बाई, माझ्याशी कोणी बोलत नाही." हे म्हणताना मात्र आवाज फाटला. "मी आले की सगळे गप्प होतात. फोटोवाली आली म्हणतात. डबा मी रोज एकटी खाते. एकदा ती झोपली होती, मी फोटो काढला, तुम्हाला दाखवायलाच काढला होता. पण मागच्या बाकावरच्या मुलींनी पाहिला आणि हसल्या. मला म्हणाल्या, भारी आहे, टाक ना कुठेतरी. त्या पहिल्यांदा माझ्याशी हसल्या."

"आणि वेणीची घंटा?"

"ते सगळ्यांना आवडलं." तिने डोळे पुसले. "मला थांबायचं होतं. पण रोज बसमध्ये सगळे म्हणायचे, आज आरसा काय म्हणतो? कोणाला माहीत नव्हतं मी आहे. तरी वाटायचं, माझ्याशीच बोलतायत."

बाईंना तिचा राग यायला हवा होता आणि तो आलाही. पण त्यासोबत दुसरंही काही आलं, आणि दोन्ही एकत्र सांभाळणं त्यांना जड गेलं.

"पण सातवी माझी नाही, बाई," मॉनिटर घाईने म्हणाली. "वेणी कापायचं मी नाही लिहिलं. शप्पथ."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "आईला फोन लाव. माझ्यासमोर. आणि तूच सांग. मग कोणी कोणी मत दिलं ती यादी दे."

७

पावणेचारला बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या. बॉसचा दाखला सहीसाठी टेबलावर होता. बाईंनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. दोन आरसे, एकेचाळीस फॉलोअर, चष्म्याची डबी. मग रबर, कडी, "आत्ताच", आणि राखाडी रेघ.

मुख्याध्यापकांचा चेहरा आधी पडला आणि मग एकदम उजळला.

"म्हणजे धमकी त्या मुलीनेच लिहिली? केसही तिनेच कापले? अहो, मग संपलं की! सगळा बनाव. समितीला सांगून टाकू. शाळा सुटली यातून."

बाईंनी नोंदवही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि मोठ्याने वाचलं. "'विद्यार्थिनीची तक्रार ऐकली. प्रकार चेष्टेचा आहे. धमकी अथवा इजा नाही. दुर्लक्ष करण्याबाबत समज दिली.' खाली तुमची सही. तिच्याखाली माझी."

"त्याचं आता काय?"

"तिला नियम आपण सांगितला, सर. धमकी असेल तर ये, इजा असेल तर ये. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. तिने काल धमकी तयार केली आणि आज इजा. चौदा वर्षांच्या मुलीने आपला अर्ज पूर्ण करून आणला."

मुख्याध्यापकांनी नोंदवही मिटली. बाहेर पालकांच्या खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता.

"परवा तू, असंही लिहिलंय तिने," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आजही कोणी ऐकलं नसतं, तर परवाचं तिने काय केलं असतं, मला विचार करवत नाही."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दाखला उचलला, एकदा वाचला, आणि दोन तुकडे केले.

बैठक सोपी झाली नाही. बॉसने काही केलेलं नाही, हे मुख्याध्यापकांनी स्वतः सांगितलं. त्याच्यावर संशय घेतल्याबद्दल शाळा त्याच्या आईची माफी मागेल, हे बाईंनी त्यांच्याकडून वदवून घेतलं. सातव्या पोस्टबद्दल विचारलं गेलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ते शोधून झालंय आणि त्यापासून कोणाच्या मुलाला धोका नाही. याहून जास्त सांगायचा हक्क माझा नाही." समितीचे अध्यक्ष भडकले. एक वडील उठून म्हणाले, "मुलांनी नुसतं फॉलो केलं, त्यात एवढा गहजब कशाला?"

"तुमच्या मुलाने मत दिलंय," बाई म्हणाल्या. "तिने शाळा बदलावी म्हणून. माझ्याकडे यादी आहे. हवी तर वाचते."

ते वडील खाली बसले.

८

त्यानंतरच्या आठवड्यात वर्गात समास झाले नाहीत. बाईंनी मुलांना पाच-पाच जणांच्या गटात ग्रंथालयात बसवलं. शहरातून एक समुपदेशक ताई येऊ लागल्या. कोणी आधी काय पाहिलं, कधी हसलं, कधी वाईट वाटूनही गप्प बसलं, हे ज्याचं त्याने सांगायचं. काही मुलं खूप रडली, काही अजिबात बदलली नाहीत. मॉनिटरने आईसमोर बसून आरसा पुसून टाकला आणि तिने पंधरा दिवस शाळेत यायचं नाही, असं ठरलं. पण बाईंच्या सांगण्यावरून समुपदेशक ताई तिच्या घरीही जाऊ लागल्या. टॅबने फोटो काढणं बंद झालं. तक्रार आली की त्याच दिवशी दोघांनी ऐकायची आणि चेष्टा हा शब्द नोंदवहीत लिहायचा नाही, असा नियम झाला. तीन पालकांनी बाईंशी बोलणं सोडलं. मुख्याध्यापक कामापुरतं बोलत.

बिट्टी शाळेत आली नाही.

आठव्या दिवशी दुपारी बाई झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. आत्या गिऱ्हाइकाच्या प्रती काढत होत्या. बाईंना पाहून त्यांनी ना या म्हटलं, ना जा म्हटलं. मानेनेच आतली बाजू दाखवली.

बिट्टी स्टुलावर बसून कागदांचे गठ्ठे जुळवत होती. कोणीतरी तिचे केस सारखे करून दिले होते. त्यामुळे ती लहान दिसत होती.

"अभ्यास द्यायला आलात?"

"नाही."

बाई समोरच्या खोक्यावर बसल्या. मशीनचा उजेड भिंतीवर सरकत होता, परत येत होता.

"सातवी मी लिहिली, हे कळलंय तुम्हाला," बिट्टी कागदांवरून नजर न काढता म्हणाली.

"हो."

"कोणाला सांगितलंत?"

"सरांना. सांगावंच लागलं, नाहीतर बॉसचा दाखला गेला असता. आणखी कोणाला नाही. आणि सांगणारही नाही."

"आत्याला?"

"ते तू सांग. मी बसेन शेजारी, हवं असेल तर."

बिट्टीने गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. मग पहिल्यांदाच तिने मान वर केली.

"बाई, एक विचारू? मी सातवी लिहिली नसती, तर तुम्ही आला असतात?"

बाईंकडे उत्तरं खूप होती. पेपर तपासायचे होते, वर्गात चव्वेचाळीस मुलं होती, मला इतकं गंभीर वाटलं नव्हतं, तू तिसऱ्यांदा यायला हवं होतंस. यातलं प्रत्येक उत्तर थोडंफार खरं होतं. येताना बसमध्ये त्यांनी त्यातली काही जुळवूनही पाहिली होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "नसते आले."

बिट्टी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या हातातले कागद घसरून जमिनीवर पसरले, आणि ती रडायला लागली. आवाज करून, नाक गळत, लहान मुलासारखी. बाई खोक्यावरून उठून तिच्याजवळ खाली बसल्या. या वेळी बिट्टीचं अंग ताठ झालं नाही.

पुढच्या बाजूला आत्यांनी मशीन बंद केलं. भर दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि बाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला त्या म्हणाल्या, "थोड्या वेळाने या."